सासरे रोज संध्याकाळी गाठोडी मोजतात आणि "निघायचं" म्हणतात. काय उत्तर देऊ?

कोपरीची सून
सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. माहेर डोंबिवलीचं, सासर सिंधी. लग्नाला २९ वर्षं झाली. सासरे ८७ वर्षांचे, आम्ही सगळे त्यांना डॅडी म्हणतो. दोन वर्षांपूर्वी विसरायला लागले आणि गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. दिवसभर तसे शांत असतात. पेपर उलटा धरून का होईना पण चाळतात, वरण-भात नीट जेवतात. त्रास आहे तो संध्याकाळचा.

दिवेलागणीची वेळ झाली की पलंगावरची चादर ओढून काढतात. त्यात उशी, दोन शर्ट, चष्म्याचं घर, टीव्हीचा रिमोट, हाताला लागेल ते घालून चार टोकांची गाठ मारतात. शर्टाचं बटण ज्या बोटांना लावता येत नाही, त्याच बोटांनी मारलेली ही गाठ इतकी पक्की असते की सोडवताना माझी नखं दुखतात. मग टॉवेल, टेबलक्लॉथ, माझी ओढणी. अशी पाच गाठोडी होतात. ती ओळीनं दाराशी मांडतात आणि एकेकावर बोट ठेवून मोजतात. "हिकु, ब, टे, चार, पंज." थांबतात. पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणतात, "अदी, हिकु घटि आहे."

अदी म्हणजे ताई. मी त्यांना त्यांची बहीण वाटते. मला सिंधी जेमतेम येतं, पण हे वाक्य कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. एक कमी आहे. त्यांचं "आहे" आणि आपलं "आहे" एकच. "पाणी"सुद्धा त्यांचं आपल्यासारखंच, ण असलेलं. पूर्वी डॅडी माझ्याशी हिंदी आणि मोडकंतोडकं मराठी बोलायचे. ते दोन्ही आता जवळजवळ गेलंय.

पंधरा दिवसांपूर्वी डॅडींना सांभाळायला ठेवलेला ब्युरोचा मुलगा दूध आणायला खाली उतरला तेवढ्यात हे एक गाठोडं घेऊन बाहेर पडले. दीड तासानं सापडले ते मीठबंदरला, खाडीच्या काठावर. ओहोटी होती, सगळा चिखल उघडा पडला होता. मासळीच्या टोपल्या धूत बसलेल्या एका कोळीणबाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं होतं. त्या मला म्हणाल्या, "कधीपासून जहाज कुठे, जहाज कुठे विचारतायत."

त्याआधी एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. तिसऱ्याच दिवशी बाथरूममध्ये पडले, कपाळाला चार टाके. दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती गोळी बंद केली. त्यामुळे गोळी सोडून विचारते.

ते "हलो, हलूं" म्हणतात, म्हणजे चला, निघू या. मी तीन उत्तरं देऊन बघितली. "डॅडी, हे आपलंच घर आहे" म्हटलं की घाबरून दाराकडे बघतात आणि मला गप्प राहायची खूण करतात, जणू बाहेर कोणी ऐकतंय. "आपण केव्हाच आलोय, ७७ वर्षं झाली" असं एकदाच सांगितलं. लहान मुलासारखे रडले. तशी चूक परत करणार नाही. "बरं, जाऊ" म्हटलं तर बूट घालून नऊ-नऊ वाजेपर्यंत दाराशी उभे. पाय सुजतात.

दुसरा प्रश्न. हे सहावं काय आहे? नवऱ्याला एवढंच माहीत आहे की कुटुंब सिंधमधल्या हैदराबादचं, तिथून कराची, मग बोटीनं मुंबई आणि कल्याण कॅम्प. डॅडी तेव्हा नऊ वर्षांचे. ते कधी बोललेच नाहीत. विषय निघाला की "जो गया सो गया" म्हणून उठून जायचे. एक मात्र नवऱ्याला आठवतं. हरिद्वारला जाताना असो की नुसतं पुण्याला, ठाणे स्टेशनवर डॅडी सामान मोजायचे. गाडीत चढल्यावर परत मोजायचे. उतरायच्या आधी परत. आम्ही हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

ज्यांच्या घरी असं कोणी होतं, त्यांनी कृपया लिहा.

वाशीची परिचारिका
मंगळवार, सकाळी ७.०५

ताई, मी वीस वर्षं वृद्धांची शुश्रूषा करते. संध्याकाळची ही अस्वस्थता डिमेन्शियात नेहमी दिसते, डॉक्टर तिला सनडाउनिंग म्हणतात. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो आणि मेंदूला आजूबाजूचा अर्थ लावता येत नाही. साडेचारलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढा. चहा तीननंतर नको. दुपारची झोप अर्ध्या तासाची. चष्मा डोळ्यांवर आहे ना, कानात मळ साठलाय का, हेही बघा. आणि हे सगळं अचानक वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गाला कधीकधी ताप येत नाही, नुसता गोंधळ वाढतो.

शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून टाका. खिशात चिठ्ठी ठेवू नका, ते काढून फेकतात. रिक्षा स्टँडवर आणि खाली वॉचमनला फोटो दाखवून ठेवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे, तो नंबर फ्रिजवर लावा.

भाषेचं तुम्ही अगदी बरोबर टिपलंत. नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, आईची भाषा शेवटपर्यंत राहते. ब्युरोला सांगून सिंधी समजणारा माणूस मिळतो का बघा. आणि त्यांच्याशी वाद घालू नका. "नाही" म्हणायचं नाही, "सांगा ना" म्हणायचं.

पनवेलकर
मंगळवार, दुपारी १.४०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझ्या आईला हाच आजार होता. ती सात वर्षं गावाकडच्या गोठ्यातल्या गाईला चारा घालायचा म्हणायची. बहिणी "घातला, घातला" म्हणत राहिल्या. मी कधी खोटं बोललो नाही. रोज सांगायचो, "आई, गाय आता नाही, मी आहे." ती रडायची, पण माझा हात धरून रडायची. सगळेच खोटं बोलायला लागले तर त्या माणसानं कोणावर विसंबायचं? गाठोडी, जहाज या खेळात तुम्ही उतरलात तर त्यांची भीती खरी ठरते. माझ्या वडिलांशी मी असं वागलो नसतो.

कोपरीची सून
मंगळवार, रात्री १०.५५

वाशीच्या ताई, लघवीची तपासणी उद्या करते. दिवे आज लावले साडेचारला, थोडा फरक वाटला.

पनवेलकर दादा, राग नाही. मलाही हेच टोचतं, म्हणूनच विचारलं. पण तुमच्या आई रडल्या तेव्हा तुमचा हात धरून रडल्या. डॅडी रडले तेव्हा त्यांनी माझा हात झटकला. त्यांच्यासाठी मी खोटं बोलणारी झाले होते.

कराचीकरांची नात
बुधवार, सकाळी ९.३०

मी नौपाड्यात राहते. माझी आजी मराठी, पण जन्म आणि लग्न दोन्ही कराचीतलं. लोकांना आश्चर्य वाटतं, पण १९३६ पर्यंत सिंध आपल्या मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे इकडचे शिक्षक, कारकून, रेल्वेतले लोक तिकडे असायचे. कराचीची जुनी नावाजलेली शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावानं ओळखली जाते.

तुमचं मीठबंदरचं वाचलं आणि आजी डोळ्यांसमोर आली. कराचीचा मुख्य रस्ता म्हणजे बंदर रोड. त्यावर ट्राम होती, आणि थेट केमारीच्या धक्क्यापर्यंत जायची. बोटी तिथून सुटायच्या. आजी सांगायची की घड्याळाचा टॉवर मागे पडला की खाऱ्या पाण्याचा वास सुरू व्हायचा. तुमच्या घराखाली दिवसभर रिक्षावाले काय म्हणत असतील? "मीठबंदर रोड." डॅडींनी "बंदर रोड" ऐकलं, तिकडे चालत गेले, आणि पुढे खरोखरच खारा वास आला. डॅडी चुकले नव्हते हो. त्यांच्या हिशेबानं ते बरोबर रस्त्यावर होते.

कॅम्प तीन, उल्हासनगर
बुधवार, रात्री ८.१५

बेटा, मी ७५ वर्षांचा. जन्म इथलाच, कॅम्प तीनच्या बराकीतला. शाळा सिंधी, पण नोकरी अंबरनाथला मराठी मित्रांसोबत झाली, म्हणून हे लिहू शकतो. मी तो प्रवास बघितला नाही. वडील आणि मोठा भाऊ मरेपर्यंत त्याबद्दल बोलायचे, ते सांगतो.

पंजाब आणि बंगाल निम्मे-निम्मे वाटले गेले. सिंध अख्खा गेला. आमच्या वाट्याला इकडे एक गावही आलं नाही, जिथे लोक आपली भाषा बोलतात. तरी ऑगस्ट ४७ मध्ये फार थोडे निघाले. शेजारी चांगले होते, राज्य बदलतं पण रयत तिथेच राहते अशी समजूत होती. मग इकडून उजाड होऊन गेलेले मुसलमान तिकडे पोचले. त्यांनाही डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि छप्पर आमचं होतं. १७ डिसेंबर १९४७ ला हैदराबादेत लूटमार झाली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत. त्यानंतर कोणी कोणाला विचारलं नाही, सगळे निघाले. काही मीरपूरखासवरून रेल्वेनं जोधपूरकडे, बाकीचे समुद्रानं. तुझे डॅडी हैदराबादचे आणि कराचीहून बोटीनं आले म्हणतेस, म्हणजे त्यांनी हे दोन्ही जवळून बघितलं असणार.

तू सांगतेस, दाराबाहेर कोणी ऐकतंय असं त्यांना वाटतं. बेटा, नऊ वर्षांच्या मुलाला खरोखरच कोणीतरी गप्प बसायला सांगितलं होतं.

आता मोजण्याचं. कराचीत पोचलं की लगेच बोट मिळायची नाही. लोक धर्मशाळांत, बंदर रोडवरच्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारात दिवसच्या दिवस पडून असायचे. बाप तिकिटाच्या रांगेत, आई तान्ह्या पोराला घेऊन पाण्याच्या रांगेत. सामानापाशी कोण? घरातला मोठा मुलगा. आमच्या भावाचं तेच काम होतं. आई जाताना सांगायची, "नग मोजत राहा." म्हणजे त्याचं लक्ष सामानावर राहील आणि त्याला भीतीही वाटणार नाही. धक्क्यावर झडती व्हायची. गाठोडी सोडून बघायचे, आवडेल ते बाजूला ठेवायचे. नवं कापड, भांडी, शिवणयंत्र. आमचं पितळेचं एक मोठं पातेलं गेलं. भाऊ ८१ व्या वर्षी वारला, तोवर त्या पातेल्याची गोष्ट सांगत होता. त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता, तरी सांगताना आवाज पडायचा.

मुंबईच्या गोदीत उतरून कल्याणला आले. महायुद्धातल्या लष्कराच्या दोन हजारांवर बराकी रिकाम्या होत्या, त्यांचे पाच कॅम्प झाले. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. पुढे १९५० मध्ये क्लेमचा, म्हणजे तिकडे राहिलेल्या घर-जमिनीच्या दाव्यांचा, कायदा झाला, १९५४ मध्ये भरपाईचा. वडिलांनी हैदराबादच्या घराचा क्लेम भरला, त्यात खोल्या लिहिल्या, छतावरचे मंघ लिहिले. मंघ म्हणजे वारा खाली खोलीत आणणारे झरोके, तिकडच्या घरांची शान. घराला रकाना होता, जमिनीला होता. पातेल्याला नव्हता.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वडिलांच्या तोंडचं आहे. ते म्हणायचे, कराचीत नऊ दिवस मी एकच शब्द ऐकला, "सुभाणे." म्हणजे उद्या. खिडकीवरचा बाबू म्हणायचा सुभाणे, आई मुलांना सांगायची सुभाणे. तू म्हण, "जहाजु सुभाणे ईंदो." जहाज उद्या येणार. पनवेलकर भाऊंना सांगतो, हे खोटं नाही. डॅडी आज ज्या दिवशी बसले आहेत, त्या दिवशी हेच खरं होतं, आणि त्यांच्या आईनंही त्यांना हेच सांगितलं असेल.

सहावा नग काय होता ते मी कसं सांगू? घरात त्यांच्या पिढीचं कोणी उरलंय का? विचार.

कोपरीची सून
नऊ दिवसांनी, शुक्रवार, रात्री ११.१०

उशिरा लिहिते, क्षमा असावी. लघवीत संसर्ग निघाला. औषध पूर्ण झालं, रात्रीची बडबड बरीच कमी झाली. वाशीच्या ताई, तुमचे उपकार आहेत.

काका, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं पिंपरीला आत्याला फोन लावला. त्या ८० वर्षांच्या, तेव्हा जेमतेम अडीच वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांना स्वतःचं काहीच आठवत नाही. पण त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं आठवतं, आणि त्यांनी पहिल्या दमात सांगितलं. "मशीन."

हात-मशीन होतं, लाकडी झाकणाचं. आजेसासूबाईंना लग्नात मिळालेलं. रजईत गुंडाळून वर दोरी बांधली होती. डॅडी त्याच्यावरच बसून बाकीचे नग मोजायचे. केमारीला झडतीची रांग लांब होती, ऊन होतं. ते पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा पाच. उचलून कोणी नेलं, झडतीवाल्यांनी की आणखी कोणी, हे कधीच कळलं नाही. आत्या म्हणाल्या, "अम्मा त्याला एक शब्द बोलली नाही. कॅम्पात सगळं हातानं शिवायची, रात्री कंदिलाजवळ. तो समोर बसून सुईत दोरा ओवून द्यायचा." डॅडींनी पुढे ठाण्यात कापडाचं दुकान काढलं. पहिल्या कमाईतून आईला मशीन घेतलं, हे मला माहीत होतं. का घेतलं, ते आता कळलं.

सासूबाईंचं जुनं हात-मशीन माळ्यावर होतं. शनिवारी नवऱ्यानं काढलं. रजईत गुंडाळून, दोरी बांधून दिवाणावर ठेवलं. संध्याकाळी डॅडींनी पाच गाठोडी केली, मोजली, आणि "हिकु घटि आहे" म्हणायच्या आधीच त्यांची नजर तिकडे गेली. हात लावला. रजईवरून चाचपत चाचपत चाकाची कड शोधली आणि त्यावरून अंगठा फिरवला, दोनदा. मग "छह" म्हणाले.

मला वाटलं, आता शांत होतील. तसं झालं नाही. ताठ उठून बसले, म्हणाले, "हाणे हलूं." सगळं सामान आलं, आता निघू या. मी घाबरले, आणि काकांनी शिकवलेलं म्हणाले, "जहाजु सुभाणे ईंदो." माझे उच्चार कसे होते देव जाणे. माझ्याकडे बघत राहिले. "सचु?" म्हणाले. मी म्हटलं, "सचु." बूट मागितले नाहीत.

त्यानंतरचे सगळे दिवस असेच गेले. मंगळवारी नाही जमलं. त्या दिवशी नळदुरुस्तीवाले आले होते, घरात अनोळखी आवाज होते, रात्री दहापर्यंत दाराशी होते. बाकी दिवस दिवाणावर बसतात, एक हात मशीनवर.

पण एक नवीन अडचण आहे. ते तिथून उठतच नाहीत. तहान लागली तरी. ओठ सुकलेले दिसतात, मी पेला समोर धरला की गटागटा पितात, पण स्वतः मागत नाहीत. पाणी मी आता शेजारी भरून ठेवते. बाथरूमचं काय करू? दोनदा कपडे खराब झाले. ब्युरोचा मुलगा दंडाला धरून उठवायला गेला तर त्याला मारलं. डायपर लावायला मन होत नाही, अजून इतर वेळी सगळं स्वतः करतात.

वाशीची परिचारिका
शनिवार, सकाळी ६.५०

डायपर नको. त्यांना उठवू नका, त्यांची जागा घ्या. म्हणा, "मी बसते, तुम्ही जाऊन या." आणि नुसतं म्हणू नका, खरोखर त्यांच्या जागी बसा, तसाच हात ठेवून, ते परत येईपर्यंत. बाथरूमपर्यंत सोबत ब्युरोचा मुलगा जाऊ दे. तुम्ही हलू नका.

कोपरीची सून
शनिवार, रात्री ९.४५

आज मी बसले. दारातून दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी. मी हात काढला नाही. परत आल्यावर आधी मोजलं, सहाच्या सहा. मग "अदी, पाणी" म्हणाले.